कापण्याआधी दार वाजवा

देशाच्या ऊर्जा धोरणात मला फक्त एक ओळ घालायची होती. तीही माझी नव्हती, सासऱ्यांची होती, हे आधीच कबूल करून टाकतो. कारण हे लिहिलेलं ते चष्मा लावून वाचणार आहेत आणि श्रेय ढापल्याचं दिसलं तर पुढचे आठ दिवस माझ्याशी बायकोमार्फत बोलणार आहेत.

झालं असं की सरकारने राष्ट्रीय हवामान आणि स्वच्छ ऊर्जा धोरणाचा मसुदा काढला आणि वर्तमानपत्रात अर्धं पान जाहिरात दिली. हिरव्या पानावर बसून हसणारं कुटुंब, मागे पवनचक्की, खाली जाड अक्षरांत ‘तुमचं मत हीच देशाची ऊर्जा’. मी असल्या जाहिराती वाचत नाही. नळ, तोट्या आणि शॉवर विकणाऱ्या दुकानात मी कामाला आहे, चकाकी दिवसभर पुरेशी बघतो. पण नाना, म्हणजे माझे सासरे, वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचतात. तो दोनशे चौदा पानांचा मसुदा त्यांनी माझ्या मोबाइलवर उघडायला लावला, तीन संध्याकाळ माझा मोबाइल अडवून धरला, आणि चौथ्या दिवशी जेवता जेवता शांतपणे म्हणाले, “जावईबापू, पान एकशे त्रेसष्ट. हे लोक मला मारणार.”

पान एकशे त्रेसष्टवर लिहिलं होतं की संध्याकाळी सहा ते दहा या वेळात देशाला सगळ्यात जास्त वीज लागते, ती पुरवायला सगळ्यात जास्त कोळसा जाळावा लागतो, म्हणून यापुढे घरोघरी नवे मीटर बसतील. या चार तासांत एखाद्या घराने ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढली की मीटर त्या घराचा पुरवठा आपोआप अर्धा तास बंद करील. कोणी यायला नको, कोणी जायला नको. मसुद्यात याला ‘मानवी हस्तक्षेपविरहित’ असं कौतुकाने म्हटलं होतं.

आमच्या घरी नानांचं ऑक्सिजनचं मशीन आहे. ते सतत चालतं. त्याच्या जोडीला फ्रिज, पंखे आणि दिवे लागले की आम्ही ठरलेली रेघ ओलांडलीच म्हणून समजा. मशीन बंद पडलं तर सिलिंडर आहे, पण त्याची किल्ली फिरवायला जोर लागतो आणि तो नानांच्या हातात उरलेला नाही. मी दुकानातून आठला येतो. बायको दवाखान्यात रिसेप्शनला बसते, तीही आठला. म्हणजे सहा ते आठ नाना घरात एकटे, आणि मीटर हस्तक्षेपविरहित.

आता कोणी म्हणेल की म्हातारा धोरणाच्या विरोधात होता. अजिबात नाही. नानांनी नोकरीची पहिली नऊ वर्षं वीजकेंद्राच्या कोळशाच्या यार्डात काढली. “कोळसा जाळू नये हे मला कोणी शिकवायला नको,” ते म्हणतात, “माझ्या छातीत अजून अर्धी गाडी कोळसा शिल्लक आहे.” पुढची अठ्ठावीस वर्षं ते लाइनमन होते आणि लोकांची वीज कापणं हेच त्यांचं मुख्य काम होतं. पण त्यांची एक पद्धत होती. कापण्याआधी ते दार वाजवायचे आणि विचारायचे, आत कोणी आजारी आहे का? असेल तर खांबाला हात न लावता परत फिरायचे आणि कार्यालयाच्या वहीत शेरा मारायचे, ‘शिडी लहान पडली.’ अठ्ठावीस वर्षं त्यांच्या भागात शिडी लहान पडत होती आणि खात्याने एकदाही मोठी शिडी दिली नाही. यावरून खातं किती जागरूक होतं ते समजावं.

म्हणून नानांची ओळ होती, ‘कापण्याआधी दार वाजवा.’ पाच वर्षांच्या पोरालाही समजेल अशी. मी ती सरकारला पाठवायची होती, कारण घरातला लेखक मी. माझी सतरा पत्रं वर्तमानपत्रांत छापून आली आहेत. संपादकांनी त्यांतला जीव काढून घेतला होता ही गोष्ट वेगळी. कॉलेजाची पायरी मी चढलेलो नाही, पण लिहायला बसलो तर कॉलेजवाल्यांना घाम फोडतो. ही माझी घमेंड इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिनेच घात केला.

सूचना वेबसाइटवर द्यायची होती. पहिला प्रश्न, ‘आपण कोण आहात?’ पर्याय असे: उद्योग, संस्था, तज्ज्ञ, इतर. नागरिकांची मतं मागवणाऱ्या पानावर नागरिक हा पर्यायच नव्हता. मी ‘इतर’ दाबलं. खाली चौकट उघडली, ‘इतर असल्यास तपशील द्या.’ मी लिहिलं, नागरिक. लाल अक्षरांत उत्तर आलं, ‘अवैध नोंद.’ मी पुन्हा लिहिलं. पुन्हा अवैध. शेवटी चिडून ‘संस्था’ दाबलं आणि संस्थेचं नाव म्हणून बायकोचं नाव घातलं. ते लगेच चाललं. बायको म्हणाली, उशिरा का होईना, कोणाच्या तरी लक्षात आलं.

मग आपण यंत्र नसल्याची वेबसाइटला खात्री पटवायचं प्रकरण आलं. नऊ चित्रं, आणि ज्यांत विजेचे खांब आहेत ती निवडा. मी हात घालणार एवढ्यात नानांनी माझं मनगट धरलं. हे त्यांचं क्षेत्र होतं. त्यांनी चित्रं डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि निकाल दिला की यांतला विजेचा खांब एकच. बाकी दोन टेलिफोनचे, एक नुसता रस्त्यावरच्या दिव्याचा, आणि एकाला इन्सुलेटरच नाही, त्याला खांब म्हणणाऱ्याला नोकरीवरून काढलं पाहिजे. आम्ही एकच निवडला. वेबसाइट म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा नऊ चित्रं. पुन्हा नानांचा बाणेदार निकाल. मी म्हटलं, नाना, सरसकट सगळे दाबू या, त्यांना तेच हवंय. तर म्हणाले, खोटं सांगून आत जायचं असेल तर मला तुमचं धोरण नको. पाचव्या वेळी वेबसाइटने आम्हाला यंत्र ठरवून चोवीस तासांसाठी बाहेर काढलं. अठ्ठावीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला खांब ओळखता येत नाही असं ठरवणारं ते सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं, त्याला मी एकदा भेटणार आहे.

ही कहाणी मी लिफ्टमध्ये बोललो, तीच चूक झाली. आमच्या इमारतीचे सचिव सोबत होते. यांना सगळे ठरावकाका म्हणतात, कारण खालचा बल्ब बदलायलासुद्धा ते सूचक आणि अनुमोदक मागतात. ते म्हणाले, “एकट्यादुकट्याचं पत्र सरकार बघत नसतं हो. सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ द्या. वजन पडतं.” मला पटलं. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. मी नानांची ओळ वाचून दाखवली आणि जोडीला पोटकलम सुचवलं की घरात यंत्रावर रुग्ण असेल तर त्या घराची वीज कापू नये. दोन मिनिटांचं काम होतं. पण ‘रुग्ण असेल तर कापू नये’ हे शब्द सभेच्या कानावर पडले आणि सभेचा चेहरामोहराच बदलला. आधी मागून एकाने विचारलं, मधुमेह धरणार ना? धरा, म्हटलं. मग पाठदुखी आली. पाठदुखीच्या मागून मायग्रेन, ॲसिडिटी, रात्री झोप न लागणे, दिवसा झोप येणे. ज्या गृहस्थांना मी रोज पहाटे टेकडीवर पळताना बघतो त्यांनी गुडघा पुढे केला. तळमजल्यावर पार्लर चालवणाऱ्या बाईंनी आधी सांगून बघितलं की गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावलेला असताना वीज गेली तर तीही आणीबाणीच, आणि ते मंजूर होईना तेव्हा पायावरच्या फुगलेल्या शिरा दाखवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी आपल्याला काहीही झालेलं नाही असं सांगितलं, तर त्यांच्या बायकोने सगळ्यांदेखत त्यांना गप्प बसायला सांगून त्यांचा दमा लिहून घ्यायला लावला. ठरावकाका प्रत्येकाला सूचक-अनुमोदक घेत होते. सभा संपली तेव्हा अठ्ठेचाळीस घरांत सेहेचाळीस रुग्ण होते.

नाना नळी लावून, छोटा सिलिंडर पायाशी ठेवून खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, “मला जरा वर न्या. इथे साथ आहे.”

एका ओळीचं पत्र नऊ पानांचं झालं. ते घेऊन मी अर्धी रजा टाकून सरकारी कार्यालयात गेलो. हवामान कक्ष कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. शिपाई म्हणाला हवामान खातं गावाबाहेर आहे, पावसाचं काही असेल तर तिकडे जा. शेवटी जिन्याखालच्या खोलीत कक्ष सापडला. आत एसी एवढा लावलेला की कारकून बाई स्वेटर घालून, मफलर गुंडाळून बसल्या होत्या. पृथ्वीचं तापमान वाढतंय यावर त्या खोलीत बसून विश्वास ठेवणं अवघड होतं. मी म्हटलं, एसी बंद करा की. त्या म्हणाल्या, रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि साहेब ऊर्जाबचतीच्या परिषदेला गेलेत.

बाईंनी नऊ पानं चाळली. तीन प्रती मागितल्या, त्या दिल्या. ‘सूचना सादर करू देण्याबाबत विनंती’ असा वेगळा अर्ज मागितला, तो तिथेच उभ्याने लिहिला. मग त्या सेहेचाळीस रुग्णांच्या यादीपाशी थबकल्या आणि म्हणाल्या, “अहो, हे ऊर्जेचं नाही. हे आरोग्य खात्याचं.” माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी वर शेरा मारला आणि माझी ओळ आरोग्य खात्याकडे रवाना झाली.

मी परत निघालो तेव्हा मात्र त्यांनी हाक मारली. या बाईंबद्दल मी वाईट बोलणार नाही, सगळ्या प्रकरणात माणसासारखं वागलेल्या त्या एकट्याच. महिन्याअखेर नागरिकांची सुनावणी आहे, म्हणाल्या, वरून पंचवीस नागरिकांचा आदेश आहे आणि आत्तापर्यंत नऊच मिळालेत. “नागरिक कमी पडतायत हो. तुम्ही या ना. घरात आणखी कोणी असेल तर त्यांनाही आणा.”

सुनावणीआधी आरोग्य खातं येऊन गेलं. एका इमारतीत अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस घरं आजारी म्हटल्यावर त्यांनी साथ धरली. सकाळी दहाला मास्क घातलेल्या सहा जणांचं पथक आलं, टाकीतलं पाणी बाटलीत भरलं, लिफ्टमध्ये फवारणी केली आणि घरोघरी माणसं तपासायला घेतली. ज्यांनी हौसेने आजार लिहून दिले होते त्यांची बोलती बंद. पण गंमत बघा, शोधलं की सापडतंच. ठरावकाकांना खरोखरचा रक्तदाब निघाला, पार्लरवाल्या बाईंच्या शिरांची रीतसर नोंद झाली, असे एकूण तेरा रुग्ण पक्के ठरले. आणि आमच्या घरी? आमच्या घरी त्या वेळी नाना नव्हते. महिन्यातून एकदा ते छोटा सिलिंडर ढकलगाडीवर घेऊन, माझ्या बायकोचा हात धरून खालच्या न्हाव्याकडे केस कापायला जातात, आणि तो नेमका तोच अर्धा तास होता. दारात मी एकटा. पथकाने मला जीभ काढायला लावली, नाडी बघितली आणि आमच्या दारावर खडूने लिहिलं, ‘निरोगी’.

मी जिन्यावरून पथकामागे धावलो. थांबा, म्हटलं, खरा रुग्ण केस कापायला गेलाय, दहा मिनिटांत येतो. पथकप्रमुख म्हणाले, केस कापायला जाऊ शकतो तो रुग्ण कसा?

नाना परत आले. दारावरचा खडू वाचला. हनुवटीवरून हात फिरवत आत गेले आणि मशीनची नळी लावून खिडकीत बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. चिडचिड नाही, भीती. सहा ते आठ त्या खुर्चीत कोण असणार आहे हे मला दिसलं.

म्हणून सुनावणीच्या भाषणाची मी कसून तयारी केली. नऊ पानं चुलीत गेली, एक ओळ हातात होती. पण नुसती ओळ बोलायची म्हणजे लेखक म्हणून बरं दिसत नाही. आधी थोडी पार्श्वभूमी हवी, एखादा दाखला हवा, नागरिक या शब्दाचा जरा ऊहापोह हवा. मी आरशासमोर सराव करत होतो तेव्हा नाना दोनदा म्हणाले, “ओळ आधी बोला. बाकीचं नंतर.” मी मनात म्हटलं, यांना काय कळतं भाषणातलं.

सुनावणीचा हॉल मोठा, खुर्च्यांना पांढरे कपडे, प्रत्येक खुर्चीवर प्लॅस्टिकची पाण्याची बाटली आणि बाटलीला ‘प्लॅस्टिक टाळा’ची चिठ्ठी. दारात आमच्या छातीवर बिल्ले लावले. मी नागरिक क्रमांक चौदा, नाना नागरिक क्रमांक पंधरा. नानांनी सिलिंडरची गाडी पायाशी लावली. ऊर्जा खात्याचे संचालक आले, त्यांच्या स्वागताची भाषणं झाली, स्वागताला उत्तर म्हणून त्यांचं भाषण झालं. मग तज्ज्ञांनी पडद्यावर आलेख दाखवले. मग सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी प्रत्येकाला एक रंगीत टिकली दिली आणि हवामानबदलाचा विचार आल्यावर मनात जी भावना येते, तक्त्यावरच्या त्या भावनेच्या फुग्यात ती चिकटवायला सांगितली. पन्नाशीचे बाप्ये रांगेत उभे राहून टिकल्या चिकटवत होते. ‘आशा’ला जास्त टिकल्या पडल्या म्हणून टाळ्या झाल्या. नानांनी आपली टिकली सिलिंडरला लावली.

चहा-बिस्किटं झाल्यावर उरलेल्या अर्ध्या तासात पंचवीस नागरिकांना प्रत्येकी दोन मिनिटं मिळणार होती. हा हिशोब कसा बसतो असं मी विचारलं, तर ताई म्हणाल्या, सगळे थोडेच बोलतात. आणि खरंच, पहिल्या तेरा जणांपैकी चौघेच बोलले. बाकीच्यांनी चांगला उपक्रम आहे म्हणून माइक पुढे दिला. एकाने तर संचालकांबरोबर फोटो काढून घेतला आणि तो बसला.

माझा क्रमांक आला. मी उभा राहिलो, माइक धरला आणि सुरुवात केली. काय सुरुवात होती महाराजा. नागरिक म्हणजे कोण इथून मी जो सुटलो, तो ‘इतर’ या रकान्यावर आलो, तिथे हशा मिळाला, हशामुळे चेव चढला, मग खांबांची चित्रं सांगितली, पुन्हा हशा. संचालकसुद्धा हसत होते. सतरा पत्रांत जे मिळालं नव्हतं ते मला त्या दोन मिनिटांत मिळत होतं. मी म्हटलं, “तर या पार्श्वभूमीवर मला एकच सांगायचं आहे, की...” आणि ताईंनी घंटा वाजवली.

मी म्हटलं, एकच ओळ राहिली आहे. ताई गोड हसून म्हणाल्या, सगळ्यांचीच राहते. माइक माझ्या हातातून काढून घेतला गेला. संचालक घड्याळ बघून कागद आवरायला लागले होते. मी बसलो. नानांकडे बघायची माझी छाती झाली नाही. सासऱ्याचा श्वास मी हशासाठी विकला होता, याला दुसरा शब्द नाही.

मला सिलिंडरच्या गाडीचं चाक कुरकुरल्याचं ऐकू आलं. नाना उठले होते. माइक त्यांनी घेतला नाही. मधल्या वाटेने, दोन ठिकाणी दम खात, ते थेट संचालकांच्या टेबलापर्यंत गेले. टेबलापाशी उभं राहून त्यांनी बोटाच्या पेरांनी लाकडावर तीनदा ठोकलं, अगदी दार ठोकावं तसं.

“आत कोणी आजारी आहे का?” त्यांनी विचारलं.

संचालक गोंधळले. त्यांनी ताईंकडे बघितलं. नाना थांबले, श्वास घेतला.

“अठ्ठावीस वर्षं लोकांची वीज कापली, साहेब. कापण्याआधी एवढं विचारायचो. तुमचा मीटर विचारणार आहे का?”

बस्स. वळले आणि त्याच चालीने परत आले. पंधरा सेकंदांत काम झालं, आणि त्यांतले सहा सेकंद तर नुसते श्वासाचे होते. टाळ्या पडल्या नाहीत. संचालकांनी मात्र वरचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं. घरी जाताना रिक्षात मी नानांना म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, खांबांचं तुम्ही चांगलं सांगितलंत. एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने झोपलो असतो.

सात महिन्यांनी धोरण जाहीर झालं. मुखपृष्ठावर माझा फोटो आहे. तोंडात बिस्कीट आहे, डोळे अर्धे मिटलेत आणि खाली लिहिलंय, ‘धोरणाबाबत समाधान व्यक्त करताना एक नागरिक’. शेवटच्या परिशिष्टात सुनावणीचा गोषवारा आहे. ‘नागरिक क्र. १४ यांनी उपयुक्त प्रास्ताविक केले.’ आणि त्याखाली, ‘नागरिक क्र. १५ यांनी पुरवठा खंडित करण्याआधी दार वाजविण्याची सूचना केली. सूचना स्वीकारण्यात आली आहे.’

मी ती ओळ मोठ्याने वाचली. बायकोने माझ्या हातातून कागद घेऊन पुन्हा वाचली आणि पदराने डोळे पुसले. नाना म्हणाले, “कोणाला पाठवणार आहेत? माणसं कुठेत त्यांच्याकडे?”

अठ्ठावीस वर्षं लाइनमन राहिलेला माणूस तो. त्याला बरोबर प्रश्न पडला होता.

मीटर बसला. पहिल्याच संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी, मी दुकानात एका गिऱ्हाइकाला शॉवर दाखवत असताना, मोबाइलवर संदेश आला. ‘प्रिय ग्राहक, आपले दार वाजविण्यात आले आहे. घरात यंत्रावर अवलंबून असलेला रुग्ण असल्यास दहा मिनिटांत १ दाबा.’

मी एक दाबला. मग शॉवर गिऱ्हाइकाच्या हातात देऊन घरी धावलो. वीज होती, मशीन चालू होतं, नाना वर्तमानपत्र वाचत होते. मोबाइलवर दुसरा संदेश आला होता, ‘धन्यवाद. उद्या पुन्हा दार वाजविण्यात येईल.’

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जिन्याखालच्या खोलीत. बाई मफलर बांधूनच होत्या. रोज कशाला वाजवता, म्हटलं, एकदाच नोंद करून घ्या. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि अवघडून सांगितलं की कायमची सूट आरोग्य खात्याच्या पाहणीत रुग्ण सापडलेल्या घरांनाच आहे. आमच्या इमारतीत अशी तेरा घरं आहेत. तुमचं घर निरोगी आहे. म्हणजे ठरावकाकांचा रक्तदाब आणि पार्लरवाल्या बाईंच्या शिरा यांना सरकार संध्याकाळी हात लावणार नाही. नळी लावून बसलेल्या माणसाला रोज विचारणार. बरं, मग निदान संदेश नानांच्या फोनवर पाठवा, मी म्हटलं, ते घरीच असतात. बाई म्हणाल्या, तेही करता येत नाही. रुग्णाने स्वतःच स्वतःची खात्री दिलेली चालत नाही. निरोगी माणूस लागतो, आणि तोही घरात हजर; बाहेरून दाबलेला एक पहिल्या दिवसापुरताच धरला. त्या हळूच म्हणाल्या, “नियम मी नाही केला हो. पण तुमची ओळ टाइप मीच केली होती.” मग मला रागावताही येईना.

ठरावकाकांनी जिन्यात मला गाठून सल्ला दिला की या प्रश्नावर सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र पाठवू या. मी त्यांना काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचा रक्तदाब वाढला असेल तर तो सरकारी नोंदीत आहेच.

दुकानात मी सकाळची पाळी मागून घेतली. आता सहाच्या आत घरी असतो आणि दहापर्यंत हलत नाही. लग्नकार्य नाही, नाटक नाही, कोणाकडे जाणं नाही. जाहिरातीत ज्याला देशाची ऊर्जा म्हणतात ती मी आहे, रोज चार तास, कॉटवर बसून. नाना खिडकीशी, मी समोर, मध्ये स्टुलावर मोबाइल. सुरुवातीला आम्ही एकमेकांशी काय बोलावं ते कळायचं नाही. आता ते मला खांब शिकवतात.

परवा उकाड्याने जीव चालला होता म्हणून मी दहाची वाट न बघता सव्वासहालाच अंघोळीला गेलो. मोबाइल बाहेर स्टुलावर. अंगभर साबण लावला आणि बाथरूमच्या दारावर ठोकल्याचा आवाज आला. तीनदा, बोटाच्या पेरांनी.

“आत कोणी आजारी आहे का?”

“नाही नाना, अंघोळ करतोय.”

“मग बाहेर या, जावईबापू. सरकार आलंय.”

दार उघडलं. इथवर येऊन त्यांना धाप लागली होती. नळी खोलीभर ताणलेली होती, आणि पुढे केलेल्या हातात मोबाइल. साबणाचा अंगठा तो घेईना. मी अंगठा त्यांच्या सदऱ्याला पुसला आणि एक दाबला.